अण्णांच्या सायकलीला सोडा लावायचा राहिला

माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट, त्याची आधीच माफी मागते. कुणाची मागते ते मलाच माहीत नाही, कारण हे कुणाला दाखवायचं नाही. पण चौथीपर्यंत शाळेत बाई वही तपासायला घ्यायच्या तेव्हा मी आधीच मान खाली घालायची, ती सवय गेली नाही. ऱ्हस्व-दीर्घ मला कळत नाही. ओळ लिहायला घेतली की ती वर चढत जाते. ब्रश हातात असला तर मी हातभर लांब रेघ ओढते आणि ती केसभर हलत नाही. पेन धरलं की हात परका होतो.

तोंडाचंही तसंच. चार माणसं समोर बसली की माझे शब्द जातात. लहानपणापासून सगळे म्हणतात, जरा मोठ्यानं बोलत जा. मला जमलं नाही. म्हणून लिहिते. शिवाय हे ऐकून कुणीही म्हणेल की सख्ख्या भावाशी असं वागतात का. मी वागले. आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

आमचे अण्णा लातूरला सायकल दुरुस्त करायचे. बाजारातल्या गोलाईच्या मागच्या गल्लीत दुकान होतं. पंक्चर, चेन, ब्रेक हे सगळं करायचेच, पण त्यांचं खरं नाव रंगकामाला होतं. जुनी सायकल आणून दिली की ते ती काळी करकरीत करायचे आणि तिच्यावर सोनेरी पट्टी ओढायचे. पट्टी म्हणजे दोन रेघा, एक जाड आणि तिच्या कडेनं एक बारीक. खारीच्या शेपटीच्या केसांचा ब्रश ते स्वतः बांधायचे. दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, त्यांनी शिकवून बघितलं. त्याचा हात पट्टीवर बसेना. तो बसल्या जागी गप्पा हाणायचा, गिऱ्हाइकांना हसवायचा, आणि रेघ तिकडं नागमोडी जायची. चौथीनंतर माझी शाळा सुटली आणि मी दुकानात बसायला लागले. अण्णा एकदा आईला म्हणाले, "ही बोलत न्हाई, म्हणून हिचा हात हलत न्हाई." त्यांनी माझं केलेलं कौतुक एवढंच.

अण्णांची स्वतःची एक सायकल होती. विलायती. दवाखान्यातल्या कुठल्या तरी साहेबाकडून त्यांनी ती फार जुन्या काळी घेतली होती. सळईचे ब्रेक, लांब दांड्याचं हँडल, मोठं चेनकव्हर. ती दुकानात आढ्याला टांगलेली असायची. दसऱ्याला खाली उतरायची, पुसली जायची, झेंडूचा हार घालायचा, गोलाईला एक चक्कर, की परत वर. तिच्या मागच्या मडगार्डच्या आतल्या बाजूला, जिथं कुणाची नजर जात नाही, तिथं अण्णांनी मला माझी पहिली रेघ ओढू दिली होती. वाकडी आली. मी पुसायला गेले तर म्हणाले, "राहू दे. तिथं कोण बघतंय?"

अण्णा गेल्यावर दुकान मोडलं. दादा तोवर डाळीच्या व्यापारात शिरला होता. सायकल त्याच्या गोदामात तुरीच्या पोत्यांमागं गेली.

माझं लग्न नांदेडला झालं होतं. नवऱ्याचंही सायकलचंच दुकान होतं, स्टेशनच्या रस्त्याला, भाड्याच्या जागेत. तो काविळीनं गेला. जागेच्या मालकानं दुकान खाली करून घेतलं आणि डिपॉझिटचे ऐंशी हजार माझ्या हातात ठेवले. माझ्याजवळ होतं ते तेवढंच. दादा दिवसांना आलेला होता. तेरावं झाल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, पैसे घरात ठिवू नको. सासरचे खातेत. माझ्याजवळ राहू दे. पोरीच्या शिक्षणाला लागतील तवा माग, दुसऱ्या दिवशी देतो." मी पिशवी दिली. कागद केला नाही. बहीण-भावात कागद कोण करतं?

माझ्या मुलीला नर्सिंगला जायचं होतं. बारावी झाली, नंबर लागला, फी भरायची वेळ आली. मी फोन केला. दादा म्हणाला, हंगाम होऊ दे. हंगाम झाला. मग म्हणाला, तुरीचा भाव पडला. मग तो फोन उचलेना, वहिनी उचलायची आणि म्हणायची, ते मोंढ्यात माल विकायला गेलेत. फीची तारीख गेली. मुलगी एका औषधाच्या दुकानात गोळ्यांची पाकिटं लावायला लागली. मला काही बोलली नाही. तीही माझ्यासारखीच.

त्या वर्षी भाऊबीजेला मी लातूरला गेले. स्वयंपाकघरात वहिनीला हळूच म्हणाले की पैशाचं जरा त्यांच्या कानावर घाला. वहिनीनं घातलं असावं. बैठकीत पाहुणे होते, चुलतभाऊ, त्यांच्या बायका, दादाचे दोन व्यापारी मित्र, आणि आमची म्हातारी आत्या भिंतीला टेकून. दादा पाटावर बसला. मी कुंकू लावलं, ओवाळलं, ताट पुढं धरलं. त्यानं ताटात एक ब्लाउजपीस टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला,

"यंदा ओवाळणी मागू नको बरं का बाई. मागं तूच मला घालून बसलीस की. उलटी ओवाळणी."

सगळे हसले. एका मित्रानं विचारलं, "किती घातली ताईनं?"

"ते भावाबहिणीचं गुपित हाय," दादा म्हणाला. "सांगितलं तर तुमच्या बी बहिणी घालायला लागतेल."

अजून मोठ्यानं हसले. माझ्या हातात ताट, ताटात निरांजन. मी खाली बघत उभी राहिले. आत्या तेवढी हसली नाही, पण बोललीही नाही.

परत येताना एसटीत खिडकीला बसून अहमदपूरपर्यंत मी विचार केला की याचं मी काय वाकडं करू शकते. काहीच नाही. त्याचं घर दोन मजली, मोंढ्यात ओळख, पुढाऱ्यांशी उठबस. मी विष्णुपुरीला कॉलेजच्या होस्टेलमध्ये सकाळी चपात्या लाटते. दुपारी घरी जुन्या शिलाई मशीन रंगवते. सायकलीला आता कुणी पट्टी मागत नाही, पण काही बायकांना आईच्या मशीनवरची सोनेरी नक्षी पुन्हा पाहिजे असते. त्यावर माझं तेलमीठ चालतं. अहमदपूर ते नांदेड मी ठरवलं की विसरायचं नाही, एवढंच. बाकी काही करता येत नव्हतं, पण विसरायचं नाही हे माझ्या हातात होतं. दोन वर्षं रोज सकाळी पोळपाटावर मी ते हसणं लाटलं.

आणि मग श्रावणात तो स्वतः माझ्या दारात आला. छोट्या टेम्पोत अण्णांची सायकल आडवी.

मी पाणी दिलं. तो खाटेवर बसला, घर बघितलं, वरचे पत्रे बघितले.

"लई बारीक झालीस गं," म्हणाला.

मी रिकामा तांब्या उचलला.

"एक काम हाय बाई. तुझंच हाय. दुसऱ्याला जमणार न्हाई." मग त्यानं सांगितलं. लातूरला बाहेरच्या रस्त्यावर एक मोठं हॉटेल निघत होतं, जुन्या जमान्यासारखं. पितळेची ताटं, चुलीवरच्या भाकरी, भिंतीला कंदील. दारात एक जुनी सायकल उभी करायची होती. हॉटेलवाले शेठ दादाचं मोठं गिऱ्हाईक, त्यांच्या आधीच्या दोन हॉटेलांची डाळ दादाच पुरवायचा. "मी म्हणलं, माझ्या वडिलांची विलायती हाय. शेठ एकदम खूष, उचल बी दिली. पण अस्सल पायजे म्हणे. एक बी पार्ट नवा चालणार न्हाई."

मी सायकलीकडं बघितलं. पायडलं नव्हती. घंटी नव्हती. ब्रेकच्या सळया गेल्या होत्या, दिव्याची कडी तुटलेली, दोन्ही रिमा सडलेल्या. गोदामात कुणीतरी एकेक काढून नेलं होतं.

"निम्मे पार्ट तर हायतच न्हाई," मी म्हणाले.

"नवे घाल. जुने दिसले पायजेत बस. अण्णा करायचे की, तुला येतं."

"आणि शेठला?"

"शेठला मी सांगतो काय सांगायचं ते. तू कशाला तोंड उघडायलीस? तसं बी तुझं तोंड उघडतंय कुठं." तो हसला. "मजुरी देतो की. फुकट न्हाई."

मजुरी देतो म्हणाला. ऐंशी हजारांचं नाव नाही. मी हो म्हणाले. त्याला वाटलं, गरीब बिचारी, हो म्हणणारच. सायकल अण्णांची होती, ती दुसऱ्याच्या हातात पडून खरवडली गेली असती, हे एक होतं. दुसरं काय होतं ते मला त्या दिवशी नीट माहीत नव्हतं. पण टेम्पो गेल्यावर मी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

आधी मी अण्णांचं जेवढं होतं तेवढं वेगळं केलं. फ्रेम, पुढच्या चाकाचा चिमटा, हँडल, दोन्ही मडगार्ड, चेनकव्हर. त्याला पॉलिश पेपर लावायचा नाही. करडीच्या तेलात बुडवलेलं मऊ फडकं घ्यायचं आणि धूळ अशी काढायची की रंग जागचा हलू नये. अण्णा करडीचंच तेल वापरायचे, ते सुकून बसतं आणि रंगावर काचेसारखी पातळ साय धरतं. दिवस गेले तसा तुरीच्या धुळीखालून तो जुना काळा रंग वर आला, आणि त्याच्यावर पट्टी. काही ठिकाणी उडाली होती. तिथं मी सोनेरी रंगात चिमूटभर काजळी घालून तो मळका केला आणि तेवढीच भरली. आता मला स्वतःलाही सांगता येत नाही की अण्णांची रेघ कुठं संपते आणि माझी कुठं सुरू होते. मागच्या मडगार्डच्या आत माझी वाकडी रेघ तशीच होती. तिला मी हात लावला नाही.

मग नवे पार्ट. ते हैदराबादहून मागवले, जुन्या नमुन्याचे अजून मिळतात. आले तेव्हा आरशासारखे चमकत होते. माझी मुलगी म्हणाली, "आई, नवं घेऊन त्याला म्हातारं करायचं?"

"हाव."

"आणि त्याला कळलं तर, आपल्याला कामून म्हातारं केलं म्हणून?"

"त्याचं कोण ऐकतंय," मी म्हणाले. ती हसली. तिला हसताना बघून मला पुन्हा ती फीची तारीख आठवली.

म्हातारं करायची पद्धत अशी. आधी तेजाब पाण्यात घालून चमक मारायची, अंगणात, वाऱ्याच्या पाठीला उभं राहून. मग चिंचेच्या कोळात खडेमीठ कालवून ते जाड चोळायचं आणि पार्ट ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवायचे. मिठानं गंज फुलतो. पोतं उघडलं की सगळं केशरी दिसतं. मग राख आणि काथ्या घेऊन घासायचं, जिथं माणसाचा हात लागतो तिथं जास्त, सांदीत कमी. घंटीचा खटका अंगठ्यानं झिजतो, पायडल बाहेरच्या कडेला झिजतं, हे सगळं डोक्यात ठेवून घासायचं. त्यावर काळ्या चहाचा हात. बघणाऱ्याला वाटावं पन्नास पावसाळे खाल्लेत.

आणि शेवटी सोडा. धुण्याचा सोडा मोठ्या पातेल्यात उकळायचा आणि पार्ट त्यात टाकायचे. हे केलं नाही तर मीठ आत जिवंत राहतं. वरून तेल लावलं, सगळं छान दिसलं, तरी ओल लागली की आतून गंज पाझरायला लागतो. अण्णा म्हणायचे, मीठ मारल्याशिवाय काम संपलं म्हणू नये.

सोड्याचं पुडकं मी आणून ठेवलं होतं. पातेलं घासून ठेवलं होतं. नवरात्र सुरू होतं. मुलगी म्हणाली, "आज उकळायचा का?" मी म्हणाले, राहू दे. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाली. मी म्हणाले, राहू दे. पार्ट सायकलीला जोडून मी करडीचं तेल लावलं आणि ती दाराशी उभी केली. येणारीजाणारी माणसं थांबून बघायची. जोडलेले पार्ट पुन्हा काढून सोड्यात टाकायला एक दिवस पुरला असता. मी तो दिवस काढला नाही.

दादा दसऱ्याला येणार होता. पण शेठना दसऱ्याच्या सकाळी पहिली पूजा सायकलीची करायची होती, म्हणून तो खंडेनवमीलाच टेम्पो घेऊन आला. पाने, पक्कड, हातोडी, ब्रश सगळं मी पाटावर मांडलं होतं, हळदीकुंकू वाहिलं होतं. अण्णांच्या घरची रीत, खंडेनवमीला हत्याराला हात लावायचा नाही. ती पूजेला बसलेली असतात.

सायकल बघून त्यानं हँडलवरून हात फिरवला. मग घंटी वाजवली. "अगदी अण्णांची," म्हणाला. त्याचे डोळे ओले झाले होते, खोटे नव्हते. मला त्याचाही राग आला.

मी म्हणाले, "दादा, सोडा लावायचा राहिलाय. नव्या पार्टाचं मीठ मारायचं हाय. काढावे लागतेल."

"आज?" तो पाटाकडं हात करून म्हणाला. "आज हत्याराला हात लावतीस? अण्णांच्या पोटची हाईस ना?"

"परवा काढीन मग."

"परवा काय काढतीस, उद्या पूजा हाय तिथं. कसला सोडा न् कसलं काय. झ्याक दिसायलीय की."

मी एकदा सांगितलं होतं. त्यानं ऐकलं होतं. मला दुसऱ्यांदा सांगता आलं असतं. मोठ्यानं सांगता आलं असतं, टेम्पोपुढं उभं राहता आलं असतं. आयुष्यभर सगळे म्हणत आले, जरा मोठ्यानं बोलत जा. त्या दिवशी मी मुद्दाम बोलले नाही. त्यानं मजुरी दिली, ठरल्यापेक्षा थोडी कमीच, आणि टेम्पो वळून गेला. मी पाटावरच्या हत्यारांना पुन्हा फुलं वाहिली.

लातुरात नळाला पाणी यायची माणसं वाट बघतात, आणि त्या हॉटेलच्या दारात शेठनं कारंजं केलं होतं. सायकल त्याच्या कडेला पांढऱ्या फरशीच्या चौथऱ्यावर उभी केली होती. हे मला नंतर कळलं. मी हे ठरवलेलं नव्हतं, पण मी ठरवलं असतं तरी इतकं चांगलं जमलं नसतं.

दिवाळीच्या थोडं आधी दादाचा फोन आला.

"बाई, सायकलीला काय झालंय?"

"काय झालंय?"

"गळायली ती. लाल लाल पाणी. पांढऱ्या फरशीवर डाग पडायलेत, जसं काय पान खाऊन थुंकलंय. पुसलं की पुन्हा येतंय."

"कुठून गळतंय?"

तो थांबला. "पायडलातून. घंटीतून. सळयांतून. रिमांतून."

"फ्रेममधून?"

"न्हाई."

"मडगार्ड?"

"न्हाई." आवाज बारीक झाला. त्यालाही तेव्हाच कळलं असणार. अण्णांच्या एकाही पार्टला मी मीठ लावलं नव्हतं. जुनं होतं ते सगळं कोरडं उभं होतं, आणि नवं होतं तेवढंच गळत होतं. कुणीही दारात उभं राहून बोटानं दाखवू शकलं असतं की यातलं कुठलं खोटं आहे.

दुसऱ्या दिवशी तो नांदेडला आला. या वेळी पत्रे बघितले नाहीत.

"मोंढ्यातल्या मिस्त्रीनं एक पायडल घासून बघितलं," म्हणाला. "अजून खराब झालं."

"अण्णांच्या पट्टीला त्यानं हात लावला का?"

"न्हाई, न्हाई. मी लावू दिला न्हाई." मग म्हणाला, "शेठ म्हणले, दिवाळी झाली की एकतर नीट करा न्हाईतर सायकल घिऊन जा, उचल परत करा. आणि डाळ बी दुसरीकडून घेतो म्हणले. बाई, माझं सगळं त्यांच्यावर हाय. तुला येतं ना नीट करायला?"

"येतं."

"मग चल. गाडी आणलीय."

"माझे पैसे," मी म्हणाले.

"कुठले?"

मी त्याच्याकडं बघितलं. कदाचित मोठी झाल्यापासून पहिल्यांदाच सरळ बघितलं असेल. तो चप्पल बोटांत फिरवायला लागला.

"ते व्हय. देतो की. मी कुठं न्हाई म्हणलं?"

"भाऊबीजेला दे. ताटात. त्या वर्षी जे बसले होते त्या सगळ्यांना बोलव."

"येड लागलं का तुला? एवढ्या लोकांत कशाला?"

"एवढ्या लोकांतच हसला होतास."

बाहेर कुणीतरी फटाक्यांची लड लावली, ती पूर्ण वाजून संपली.

"बरं," म्हणाला. "पण शेठनं विचारलं तर सांग, सगळे पार्ट जुनेच हायत, हवा लागून गंजलेत."

"मी खोटं सांगणार न्हाई. पैसे दिले तरी न्हाई."

"मग मी काय सांगू त्यांना?"

"तूच फोन कर."

त्यानं माझ्यासमोर फोन लावला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. दादा घसा खाकरून म्हणाला, "शेठ, ते सायकलीचे काही पार्ट नवे हायत. आधी सांगायचं राहिलं."

पलीकडं शेठ हसले. "मला केव्हाच कळलं. रडतंय ते नवं, रडत न्हाई ते जुनं. मला नव्याचं काही न्हाई हो, मला थापेचं हाय. नीट करून घ्या. अन् सायकलीचा भाव आता मी करणार."

फोन ठेवल्यावर दादा माझ्याकडं बघत राहिला. "तू मुद्दाम केलंस," म्हणाला.

"मी सांगितलं होतं सोडा राहिलाय म्हणून."

"एकदा सांगितलंस."

"हाव," मी म्हणाले. "एकदा."

भाऊबीजेला मी लातूरला गेले. पिशवीत सोड्याचं पुडकं, पाने आणि अण्णांचा ब्रश. मुलीला सोबत नेलं. बैठकीत तेच सगळे होते, तेच चुलतभाऊ, तेच दोघे मित्र, आणि आत्या आता खुर्चीत, गुडघ्यांमुळे तिला खाली बसता येत नव्हतं. का बोलावलंय ते कुणाला माहीत नव्हतं. दादा पाटावर बसला. वहिनी दाराच्या चौकटीत उभी.

मी कुंकू लावलं. अक्षता टाकल्या. ओवाळलं. आणि ताट पुढं धरलं.

दादानं खिशातून नोटांचं बंडल काढून ताटात ठेवलं. कुणीतरी तोंडानं शीळ घातली. एक मित्र म्हणाला, "व्वा, यंदा सुलटी ओवाळणी." थोडे हसले. दादाही हसला आणि उठायला लागला.

बंडल बघून मला कळलं की ते निम्मं आहे. मी ताट मागं घेतलं नाही. तसंच त्याच्या तोंडासमोर धरून उभी राहिले. तो अर्धवट उठला होता, पुन्हा बसला. ओवाळणारीचं ताट पुढं असताना पाटावरून उठत नसतात.

निरांजन जळत होतं. दादानं माझ्याकडं बघितलं, मग पाहुण्यांकडं. हसणं बंद झालं. कुणीतरी विचारलं, काय झालं. मी उत्तर दिलं नाही. पितळेचं ताट, त्यात नारळ, त्यात नोटा. पट्टी ओढताना श्वास रोखून हात धरायचा असतो तसा मी धरला. तो हलला नाही. दादाच्या कपाळावरच्या कुंकवातून घामाचा ओघळ खाली आला.

आत्या म्हणाली, "काय रे, ताट जड झालं असंल तिचं. किती बाकी हाय?"

दादानं बाहीनं घाम पुसला.

"तू सांग गं," आत्या मला म्हणाली. "किती हुते?"

"ऐंशी हजार," मी म्हणाले. "माझ्या नवऱ्याच्या दुकानाचे. दादाजवळ ठेवायला दिले होते." माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. तो दारापर्यंत गेला असावा, कारण वहिनीनं मान खाली घातली.

मित्र दोघेही जमिनीकडं बघायला लागले. एका चुलतभावानं मोबाइल काढला आणि उगाच बघत बसला. दादा मान न वळवता म्हणाला, "कपाटातलं आण."

वहिनी आत गेली. कपाटाचं दार वाजलं. ती दुसरं बंडल घेऊन आली आणि दादाच्या हातात द्यायला लागली. तो घेईना, तिनं ताटाकडं हात नेला, तर आत्या म्हणाली, "तू न्हाई. त्यानं ठिवायचं." दादानं घेतलं आणि ताटात ठेवलं. त्याची बोटं निरांजनाच्या इतकी जवळ आली की चटका बसला असणार.

मग मी ताट आत्याच्या मांडीवर ठेवलं. आत्यानं अंगठा जिभेला लावला आणि दोन्ही बंडलं मोजायला घेतली. ती सावकाश मोजत होती, सगळ्या खोलीत तेवढाच आवाज होता. दादा पाटावर बसून होता. माझी मुलगी माझ्यामागं उभी होती, तिचा हात माझ्या पदराला लागलेला मला कळत होता. आत्यानं शेवटची नोट ठेवली, दोन्ही बंडलं एकावर एक सारखी केली आणि माझ्या ओंजळीत दिली.

"पुरे हायत," ती म्हणाली.